सिंदखेडला उतरलात का?

जालना मागे टाकून एसटी मेहकरच्या रस्त्याला लागली, की तासाभराच्या आत सिंदखेड राजा येते. गाडी स्टँडवर वळते, पाच-दहा मिनिटे थांबते, कुणी चहा घेते, कुणी पाय मोकळे करते, आणि कंडक्टरने घंटी दिली की सगळे पुन्हा आपापल्या जागेवर. या गावातून जाताना रस्त्यालगतच एक उंच दरवाजा दिसतो. खाली दगड, वर विटा, कमानीवर नगारखान्याचा मजला. हा लखुजीराव जाधवांचा राजवाडा. जिजाबाईंचा जन्म याच वाड्यातला.

गेली एकवीस वर्षे मी हा दरवाजा खिडकीतून पाहत आलो होतो. माझी सासुरवाडी मेहकरची आणि नोकरी छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात, तेव्हा दिवाळीला, उन्हाळ्यात, लग्नाकार्याला ही वाट चुकत नसे. वर्षाला दोन खेपा धरल्या तरी जाऊन-येऊन ऐंशी वेळा हा दरवाजा डोळ्यांपुढून गेला असेल. एकदाही उतरलो नाही. मुले लहान, सामान फार, पुढची गाडी मिळेल की नाही याची धास्ती, ही कारणे होतीच. खरे कारण असे, की वाटेत लागणारी गोष्ट पाहायला मुद्दाम उतरायचे असते, हे आपल्याला सुचतच नाही. आपण अजिंठा पाहायला जातो, लोणारचे सरोवर पाहायला जातो. सिंदखेडवरून नुसते जातो.

माझे सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणत, मेहकरला हायस्कुलात इतिहास-भूगोलाचे शिक्षक होते. पोशाख धोतर-सदऱ्याचा, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आम्ही दारात पाऊल टाकले, की पाण्याचा तांब्या पुढे करतानाच ते विचारीत, "काय जावईबापू, सिंदखेडला उतरलात का?" मी हसून म्हणे, "पुढच्या खेपेला." त्यांना ते उत्तर ठाऊक असे आणि मलाही त्यांचा प्रश्न. पहिली काही वर्षे हा आमच्यातला एक गमतीचा खेळच होता.

पुढे त्यात विघ्न आले, ते धाकट्या मेहुणीच्या साखरपुड्यात. पंगत उठली होती, पाहुणेमंडळी सुपारी कातरीत बसली होती आणि अण्णांनी आपली आवडती गोष्ट काढली होती. तुम्हां-आम्हां सर्वांना ती ठाऊक आहे. रंगपंचमीचा दिवस, जाधवरावांच्या वाड्यात सरदारांची दाटी. पोरवयातला शहाजी आणि चिमुकली जिजा एकमेकांवर रंग टाकताहेत. लखुजी कौतुकाने म्हणतात, जोडा कसा छान शोभतो! आणि पलीकडे बसलेले मालोजी भोसले ताडकन उठून सर्वांना साक्षी ठेवतात, की आजपासून जाधवराव आमचे व्याही झाले. आपल्या पदरचा साधा शिलेदार आपली मुलगी मागतो म्हणून जाधवराव संतापतात, घरातल्या बायका नाके मुरडतात, आणि शेवटी खुद्द निजामशहाला मध्ये पडून हे लग्न जमवावे लागते.

अण्णा ही गोष्ट रंगवून सांगत. व्याही तल्लीन झाले होते. आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हणालो, "अण्णा, ही बखरकारांची रचना. इतिहासाला ती मान्य नाही. मालोजी काही साधे शिलेदार नव्हते. वेरूळचे भोसले, फलटणच्या निंबाळकरांचे जावई, घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणारे. बरोबरीच्या दोन घराण्यांतली ही सरळ सोयरीक होती."

मी म्हणालो ते चूक नव्हते. पण जागा चूक होती. व्याह्यांपैकी कुणीतरी हसले, कुणी "वा, प्राध्यापक!" म्हणाले. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू विद्वान आहेत. फक्त सिंदखेडला ते अजून उतरलेले नाहीत."

त्यानंतर पाच वर्षे अण्णा माझ्याशी मोजकेच बोलले. भांडण असे नाही. "बसा", "जेवण झालं का", "गाडी किती वाजताची" एवढेच. मीही मानी. सौभाग्यवती पुढे पुढे एकटीच माहेरी जाऊ लागली. मी तिला स्टँडवर पोहोचवून येई. आणि तो सिंदखेडचा प्रश्न त्यांनी पुन्हा कधीही विचारला नाही. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी अण्णा गेले.

यंदा त्यांच्या वर्षश्राद्धाला निघालो. मुले परीक्षेमुळे घरी राहिली, त्यामुळे आम्ही दोघेच. गाडी सिंदखेडच्या स्टँडवर थांबली आणि मी वरची पिशवी काढली. सौ. म्हणाली, "अहो, मेहकर नाही आलं अजून." मी म्हणालो, "ठाऊक आहे. पुढच्या गाडीनं जाऊ." तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता मागोमाग उतरली.

राजवाड्याचा दरवाजा खिडकीतून दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. खाली उभे राहिले म्हणजे मान मागे टाकावी लागते. आत गेल्यावर मात्र राजवाडा या शब्दाने मनात जे उभे राहते ते शोधू नये. जोती आहेत, भिंतींचे खुंट आहेत, काही दालने आहेत, तळघरे आहेत. वरचे वैभव काळाने उतरवून नेले आहे. जिजाबाईंच्या जन्माची म्हणून जी जागा दाखवतात तिथे चप्पल काढून लोक आत जातात. आम्ही गेलो त्या वेळी एक तरुण बाई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आली होती. तिने मुलीला क्षणभर जमिनीवर ठेवले, पुन्हा उचलले आणि निघून गेली. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, या गावात लाखो माणसे येतात. जन्माची ती तारीख १५९८ सालची. आश्विनातल्या त्या सकाळी मात्र ती बाई, आम्ही दोघे आणि एक म्हातारेबुवा, एवढेच होतो.

हे म्हातारेबुवा पायरीवर तंबाखू मळीत बसले होते. "पाव्हणे, कोन्या गावचे?" म्हणून त्यांनी चौकशी केली आणि मेहकरचे नाव निघताच ते आमच्याबरोबर चालू लागले. एका दालनाशी थांबून म्हणाले, "हा रंगमहाल. इथंच रंग खेळले दोघं. इथं राजे बसले व्हते, अन् तिथं मालोजीराजे." त्यांनी बोटाने जागा दाखवल्या, जणू माणसे नुकतीच उठून गेली होती. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी रंगमहाल पाहत होतो.

मैलगडासारखे डोंगरी दुर्ग याच जिल्ह्यात, जळगाव जामोदकडच्या सातपुड्यात आहेत. सिंदखेडची गोष्ट तशी नव्हे. ही सपाट मुलखातली गढी आहे. कड्याचा आसरा नाही, नदीचा वेढा नाही. जो माणूस इथे राहिला त्याची तटबंदी म्हणजे त्याचे घोडदळ. देवगिरीच्या यादवांचे आपण वंशज, असे हे घराणे मानी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंदखेडची देशमुखी लखुजींकडे आली आणि अहमदनगरच्या निजामशाहीत त्यांच्याएवढा मोठा मराठा सरदार दुसरा उरला नाही. चार मुलगे, दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादुरजी, आणि जिजाबाई.

आपल्या शाळेच्या पुस्तकात लखुजींना एक ओळ मिळते, जिजाबाईंचे वडील. त्या ओळीत हा माणूस मावत नाही. त्याच्या हयातीत दक्षिणेत एकही मालक धड टिकत नव्हता. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. पुढे मलिक अंबराने मोडकी निजामशाही पुन्हा उभी केली. जाधवराव आधी निजामशहाकडे, मग १६२१ च्या सुमारास मोगलांकडे. मोगलांनी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वारांची मनसब दिली. उत्तरेतल्या भल्याभल्या राजपूत राजांना लाभली नाही अशी ही गोष्ट. १६२४ साली भातवडीला लढाई झाली तेव्हा सासरे मोगलांच्या सैन्यात होते आणि जावई शहाजी मलिक अंबराच्या. शहाजींचे सख्खे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले.

पण सासरे-जावयांची ही फाटाफूट भातवडीला सुरू झालेली नव्हती. तिचे मूळ त्याआधीच्या एका मूर्ख प्रसंगात होते. निजामशहाचा दरबार संपून सरदार बाहेर पडत होते. खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजींचे थोरले चिरंजीव दत्ताजी त्याच्यावर धावून गेले. हत्तीच्या बाजूने काही भोसले मध्ये पडले. हत्ती बाजूला राहिला आणि तलवारी माणसांवर चालल्या. शहाजींचे चुलतभाऊ संभाजी यांच्या हातून दत्ताजी मारले गेले. पुढे निघून गेलेले लखुजी बातमी ऐकून मागे फिरले, आणि त्यांनी संभाजीला ठार केले. शहाजी मध्ये आले त्यांच्याही दंडावर सासऱ्याचा घाव बसला. परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आला आहे. एका हत्तीपायी दोन घरांतले दोन तरुण गेले; आणि दोन्ही घरे आपली मानणारी एक मुलगी मध्ये उभी राहिली. मेलेला एक तिचा सख्खा भाऊ, दुसरा तिचा दीर, मारणारा तिचा बाप, आणि जखम झाली ती नवऱ्याला.

माझ्या साखरपुड्यातल्या एका वाक्याची तुलना मी याच्याशी करणार नाही. तसे करणे हास्यास्पद होईल. पण त्या रंगमहालात उभा असताना मला ते वाक्य आठवले हे मात्र खरे.

आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. मागे सुटीवर आला तेव्हा त्याने हिमेजीच्या किल्ल्याचे फोटो दाखवले होते. पंख पसरलेल्या बगळ्यासारखा पांढराशुभ्र किल्ला, टेकडीवर चढत गेलेले त्याचे मजल्यावर मजले. १६०९ साली तो आजच्या रूपात पुरा झाला, म्हणजे आपल्या लखुजींच्याच काळात. बांधणारा सरदार इकेदा तेरुमासा. त्याचे वडील आणि थोरला भाऊ १५८४ साली तोकुगावा इएयासूशी लढताना पडले होते. पुढे दहा वर्षांनी त्याच इएयासूच्या मुलीशी तेरुमासाचे लग्न झाले. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईत जावई सासऱ्याच्या बाजूने लढला, आणि त्याला हिमेजी मिळाले. तिकडेही सरदार बाजू बदलत, सोयरिकी करीत, सूड गिळीत. फरक एवढाच झाला, की तिथल्या सासऱ्याने सारा देश आपल्या मुठीत आणला आणि अडीचशे वर्षांचे राज्य घराण्याला देऊन गेला. जावई निवांतपणे आठ वर्षे किल्ला बांधीत बसू शकला. आपल्या सासऱ्याला आणि जावयाला मालकच मिळाला तो मोडत्या घरातला. हिमेजी आज जागतिक वारसा आहे. आपल्या राजवाड्यातून आभाळ दिसते. दोष कुणाला देणार?

राजवाड्याबाहेर पडून आम्ही गाव हिंडलो. म्हातारेबुवांनी पाठ सोडली नाही, आणि ते बरेच झाले. काळाकोट म्हणून एक प्रचंड बांधकाम आहे, त्याच्या भिंती एवढ्या रुंद की वरून बैलगाडी जावी. नीलकंठेश्वराचे जुने देऊळ आहे, रामेश्वराचे आहे. पुतळा बारवेच्या दगडात इतक्या मूर्ती कोरल्या आहेत, की पाणी भरायला आलेल्या बायकांना गप्पांना वेगळी सोबत लागत नसावी. पण मला जास्त आवडले ते तलाव. मोती तलावाचा बांध पाहिला आणि वाटले, की तलवारबहाद्दर म्हणून ज्याला आपण ओळखतो त्याने बरेचसे डोके पाण्यासाठीही खर्च केले होते. चांदणी तलावाच्या मधोमध एक इमारत बांधलेली आहे. या भागाचा पाऊस बेभरवशाचा. वऱ्हाडच्या या टोकाला उन्हाळ्यात टँकर यावा लागतो हे सासुरवाडीमुळे मला पक्के ठाऊक. चारशे वर्षांपूर्वीच्या जहागीरदाराला ते तितकेच ठाऊक होते. सौ. बांधावर बसून म्हणाली, "अण्णा शाळेची सहल इथं आणायचे. पोरांना राजवाड्यात कमी आणि इथं जास्त वेळ बसवायचे." हे मला तिने एकवीस वर्षांत कधी सांगितले नव्हते. मी कधी विचारलेही नव्हते म्हणा.

समाधी आम्ही शेवटी पाहिली. लखुजींची ही समाधी म्हणजे चांगली मोठी चौरस इमारत आहे. जाड भिंती, कमानी, वर घुमट. ठेवण सारी निजामशाही. अजाण माणसाने दुरून पाहिली तर एखाद्या सुलतानाचा मकबरा म्हणून पुढे जाईल. हिंदू राजाची एवढी मोठी समाधी दुसरीकडे नाही, असे गावकरी अभिमानाने सांगतात. ज्या दरबारने मारले त्याच दरबारच्या वळणाची ही वास्तू. त्या काळच्या गवंड्याला दुसरे वळण येत नसेल, किंवा मेलेल्याच्या घरच्यांना त्यात विसंगती वाटली नसेल. आयुष्य ज्या तऱ्हेने गेले, त्याच तऱ्हेचे छप्पर वर आले.

मारले कसे, ते सांगायला हवे. मोगलांची चाकरी सोडून लखुजी पुन्हा निजामशहाकडे आले होते. मलिक अंबर १६२६ साली वारला होता. गादीवर मुर्तजा निजामशहा होता, संशयाने पोखरलेला. एवढी फौज बाळगणारा आणि एकदा मोगलांना मिळालेला हा सरदार पुन्हा तसे करणार नाही कशावरून? २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात लखुजी आपल्या मुलांसह दरबारी हजर झाले. तिथेच त्यांच्यावर घाला पडला. लखुजी, अचलोजी, राघोजी आणि नातू यशवंतराव, एका घरातल्या तीन पिढ्या एकाच दिवशी गारद झाल्या. मागे राहिलेली मंडळी सिंदखेडकडे निसटली आणि लखुजींचे बंधू जगदेवराव मोगलांना मिळाले. शहाजींनीही निजामशाही सोडली. सासऱ्याशी वैर होते, पण सासऱ्याला असे मारणाऱ्याची चाकरी करणे त्यांना मानवले नाही.

दौलताबाद आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. पाहुणे आले की दौलताबाद, विद्यार्थ्यांची सहल असली की दौलताबाद. त्या किल्ल्यावर मी निदान तीस वेळा चढलो असेन. तासून गुळगुळीत केलेला कडा, खंदक, अंधेरीचा भुयारी मार्ग, चांदमिनार, मेंढा तोफ, सगळे तोंडपाठ. यादवांच्या रामदेवरायावर बोलतो, १३२७ साली दिल्लीहून राजधानी हलवणाऱ्या तुघलकावर तर फार रंगून बोलतो. त्या अजिंक्य डोंगरावर यादवांचे वंशज म्हणवणारा एक म्हातारा सरदार मुलानातवासह मारला गेला, आणि त्या घटनेने मराठ्यांच्या इतिहासाचे पान उलटले, हे मी एकाही पाहुण्याला सांगितलेले नाही. बखरीतली गोष्ट खोटी आहे हे मला माहीत होते. खरी गोष्ट सांगायची मात्र राहून गेली होती. अण्णांना हेच म्हणायचे असेल का? आता विचारणार कुणाला?

या समाधीशी आणखी एक गोष्ट घडली आहे. पुरातत्त्व खात्याचे लोक २०२४ साली समाधीची डागडुजी करीत होते. बाजूच्या जमिनीत काही घडीव दगड वर डोकावताना दिसले, म्हणून खोदले, तर जुन्या शिवमंदिराचा पाया लागला. आणखी खाली गेले आणि जूनमध्ये शेषशायी विष्णूची एक अप्रतिम मूर्ती निघाली. सुमारे पावणेदोन मीटर लांब, मीटरभर उंच, पायाशी लक्ष्मी, आणि भोवती समुद्रमंथन व दशावतार कोरलेले. लखुजींच्या कितीतरी आधीचे ते काम. म्हातारेबुवा म्हणाले, "आमी ल्हानपनी इथंच गोट्या खेळलो. देव खाली झोपला व्हता, कोनाले ठावं?" आजूबाजूला गवत वाढले होते. राजवाड्यात एक तरी बाई मुलीला घेऊन आली होती. समाधीवर आमच्याशिवाय कुणीच नव्हते. जन्मस्थळाला गर्दी आणि समाधिस्थळाला शुकशुकाट, हे तसे रीतीला धरूनच आहे.

लखुजींनंतर घराणे संपले नाही. पण ते एका दिशेने गेले नाही. अचलोजींच्या वंशातले धनाजी जाधव पुढे स्वराज्याचे सेनापती झाले. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात त्यांचे रूप दिसे, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच धनाजींचे चिरंजीव चंद्रसेन रुसून निजामाकडे गेले. सिंदखेडची गादीही निजामाच्याच पदरी राहिली. १७५७ च्या डिसेंबरात पेशव्यांच्या फौजांनी या सिंदखेडलाच वेढा घातला, तेव्हा आत होते रामचंद्र जाधव, लखुजींचे वंशज! त्यांच्या मदतीला निजामअली धावून आला, लढाया झाल्या, आणि शेवटी २९ डिसेंबरला जवळच्याच साखरखेर्ड्याला तह होऊन मराठ्यांना पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग मिळाला. जिजाबाईंचे माहेर जिंकायला मराठ्यांचीच फौज आली होती. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. १८५१ साली देऊळगाव राजाच्या बाजीराव जाधवांच्या अरब शिपायांची आणि हैदराबादच्या फौजेची लढाई झाली, घराण्याची जहागीर जप्त झाली, आणि १८५६ साली बाजीराव राजबंदी म्हणून वारले. मालक बदलत राहिले आणि जाधव मालकांकडे पाहत राहिले. मालकच नको, हा विचार त्यांच्यातल्या एकीला सुचला. पण ती तेव्हा या घरात राहत नव्हती.

समाधीच्या पायरीवर आम्ही बराच वेळ बसलो. ऊन वर आले होते. सौ. मध्येच म्हणाली, "बाप गेला तेव्हा ती येऊ शकली असेल का हो इथं? निदान तेराव्याला?"

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. २५ जुलै १६२९. पुढच्या वर्षी १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवाजी जन्मला; म्हणजे बातमी कळली तेव्हा जिजाबाईंना दोन महिने झाले असतील. भर पावसाळा. मुलूख पेटलेला. मी हे बोलणार, तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "अण्णा सांगायचे, शेवटी भेट झाली होती बापलेकीची. लखुजी शहाजींच्या पाठलागावर होते, वाटेत जुन्नरला ती दिसली, दिवस भरत आलेले. बापाला दया आली आणि भांडण विसरून त्यांनी तिला नीट शिवनेरीवर पोहोचवलं. खरं ना ते?"

वाचकहो, ही गोष्ट बखरींतून आली आहे. वर दिलेल्या तारखा लावून पाहिल्या तर ती बसत नाही, हे तुमच्याही ध्यानात आले असेल. दिवस भरत आले तेव्हा लखुजींना जाऊन कितीतरी महिने लोटले होते. मी मराठीचा प्राध्यापक, बखर शिकवतो. विद्यार्थ्याने विचारले असते तर फळ्यावर दोन तारखा लिहून त्याला दाखवून दिले असते.

"अण्णा सांगत असत ना?" मी म्हणालो. "मग त्यांनी कुठंतरी वाचलेलंच असेल."

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि माझ्याकडे दिली.

स्टँडवर परत आलो तेव्हा म्हातारेबुवांना चहा दिला. पैसे त्यांनी घेतले नाहीत. "मेहकरचे पाव्हणे" एवढेच म्हणाले. एक बाई टोपलीत सीताफळे घेऊन बसली होती, ती दोन डझन घेतली. मेहकरची गाडी उशिरा आली आणि खच्चून भरलेली निघाली. हल्ली बरेच लोक समृद्धी महामार्गाने भरधाव जातात. त्यांना हा दरवाजा खिडकीतूनसुद्धा दिसत नाही. आम्ही दुसरबीडपर्यंत उभे होतो.

घरी पोहोचायला दुपारचे तीन वाजले. सासूबाई दारातच होत्या. सीताफळांची पिशवी हातात घेत म्हणाल्या, "केव्हाची वाट बघतेय. एवढा उशीर?"

"सिंदखेडला उतरलो होतो," मी म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या.